शून्य नाही, रिकामं

अण्णा, तुमचा मला परत राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं राग-बिग सगळा संपला असेल, पण नाही. आत्ता मशीनमध्ये कपडे फिरतायत, पोरगी शाळेत गेलीये, आणि मी ओट्यापाशी उभी राहून एकटीच तुमच्याशी भांडतीये. मग म्हणलं, बडबडण्यापेक्षा लिहूनच काढावं. अक्षर माझं नववीतून घरी बसलेल्या बाईचं आहे, त्याला हसायचं नाही.

आधी सांगते मी कुठं आहे, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. आत्यानं तुम्हाला दिलेला शब्द पाळला. तुमचा भाचा इंजिनियर झाला, तरी तिनं दुसरी मुलगी बघितली नाही, मलाच सून केली. कंपनीनं ह्यांना हॉलंडला पाठवलं, म्हणून आम्ही आता अ‍ॅमस्टेलव्हीन नावाच्या गावात असतो. इथं आपली माणसं भरपूर. पोहे मिळतात, कढीपत्ता मिळतो, गणपती बसतो. पण इथल्या मराठी बाया सगळ्या शिकलेल्या. निम्मं इंग्लिशमध्ये बोलतात आणि मला विचारतात, "तू काय करतेस?" मी म्हणते, घरी असते. मग त्या "अच्छा" म्हणतात. त्या "अच्छा"ची मला डच माणसांपेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून मी शाळेच्या फाटकाशी लांबच उभी राहते, सायकलचं कुलूप उगाच चाचपत.

तुमची नात सहा वर्षांची आहे. घरी तिचं तोंड बंद होत नाही. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, मधेच "आई गं" म्हणते, ह्यांना म्हणते, "बाबा तू गाऊ नको, तुला येत नाही." आणि शाळेत? एक शब्द नाही. इथं चार वर्षं पुरी झाली की शाळेत घालतात. तेव्हापासून ह्या शुक्रवारपर्यंत तिनं शाळेत तोंड उघडलं नव्हतं. तिची बाई, इथं बाईंना युफ म्हणतात, चांगली आहे. पण थंडीत तिनं आम्हाला बोलावून घेतलं आणि म्हणाली की असं किती दिवस चालायचं, अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते, लांब आहे, पण घरून न्यायला व्हॅन येते, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ठरवू. हे मान हलवत होते. मी व्हॅनचा विचार करत होते. सकाळच्या अंधारात अनोळखी माणूस माझ्या पोरीला बसवून घेऊन जातोय, आणि तिला भूक लागली, शू लागली, तरी ती कुणाला सांगणार नाही. आणि त्या दिवसापासून एक विचार डोक्यातनं जात नाही, अण्णा, की फाटकाशी तिची आईसुद्धा गप्पच असते, तर ती कुणाकडं बघून बोलणार.

आता गाण्यांचं सांगते. इकडं युरोपातल्या सगळ्या देशांची मिळून गाण्याची एक स्पर्धा असते, दर वर्षी टीव्हीवर. ती जवळ आली की शाळेतही तसलीच एक करतात. पोरं देश घेतात, गातात, आणि तीन आया परीक्षक म्हणून बसतात. ह्यांनी मला न विचारता शाळेच्या अ‍ॅपवर माझ्या नावापुढं टिक केलं. मी म्हणलं, तुम्हाला वेड लागलंय का. तर म्हणतात, "अगं मामांची मुलगी तू, गाण्यातलं तुला नाही कळणार तर कुणाला? जरा मिसळशील लोकांत." मामा म्हणजे तुम्ही. मेल्यावरसुद्धा तुमचं नाव पुढं करून मला कुठंतरी ढकलतातच. त्यात पोरीनं युफपुढं बोट वर केलं, की मलाही गायचंय. घरी येऊन मला म्हणाली, इंडिया घेणार. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, इंडिया त्या स्पर्धेत नसतोच. झालं, रडारड.

म्हणून मी तिला घेऊन खालच्या आजीकडं गेले. ही आमच्या खालच्या मजल्यावर राहते, एकटी, मला "माय्शे" म्हणते, म्हणजे पोरी. मला कळावं म्हणून हळू डच बोलते आणि उरलेलं हातांनी करून दाखवते. ही स्पर्धा तिनं लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी चटईवर बसून बघितलेली. हल्ली कोण असावं, कोण नसावं ह्यावरून इतकी भांडणं होतात की पुढच्या वर्षी बघायचं नाही असं ती दर वर्षी ठरवते. तिनं पोरीला सांगितलं, अगं, पार पृथ्वीच्या त्या टोकाचा कांगारूंचा देश येऊन गातो, मग तुझ्या इंडियानं काय घोडं मारलंय. आणि मग कॉफी केली आणि आम्हाला सुरुवातीपासनं सांगत बसली.

मोठं युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती म्हणे. एकमेकांवर गोळ्या झाडलेले देश, आणि त्यांनी ठरवलं की आता एकमेकांना गाणी ऐकवू. पहिल्या वर्षी सातच देश, त्यात हॉलंड एक. कुणाला किती मार्क पडले ते कधी सांगितलंच नाही, आजही माहीत नाही, फक्त पहिला कोण ते कळलं. एका वर्षी चार देशांचे मार्क सारखे झाले आणि सारखे झाले तर काय करायचं ह्याचा नियमच नव्हता, तर चौघांनाही पहिलं केलं. त्यातही हा देश होता, ते सांगताना म्हातारी अशी हसली जणू तिनंच गायलं होतं. आधी वाटेल त्या भाषेत गा म्हणायचे, मग म्हणाले आपापल्याच भाषेत गा, मग सोडलं, मग परत धरलं, मग परत सोडलं. आता बहुतेक इंग्लिशच. शेजारी शेजाऱ्याला बारा मार्क, म्हणजे सगळ्यांत जास्त, देतो, दर वर्षी, गाणं कसलंही असो. कधी एखाद्याला सगळ्यांचं मिळून शून्य पडतं, तो बिचारा तिथंच बसलेला असतो आणि कॅमेरा नेमका त्याच्या तोंडावर. हा देशसुद्धा कितीतरी वर्षं शेवटच्या फेरीपर्यंत पोचायचा नाही. मग एकदाचा जिंकला, जिंकतो त्याच्या देशात पुढची स्पर्धा भरते, तर नेमका त्या वर्षी जगभर रोग. म्हातारी कपाळाला हात लावून दाखवते.

मी मधेच विचारलं, स्वतःच्या देशाला मार्क देता येतात का? ती म्हणाली, पहिल्या वर्षी यायचे, मग बंद केलं. मी विचारलं, मग तिथं काय लिहितात, शून्य? तिनं पेपरच्या कडेला चौकटी काढल्या, आडवे देश, उभे देश, सगळीकडं आकडे भरले, आणि जिथं देशाची स्वतःशी गाठ पडते ती चौकट तशीच सोडली. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं काही नाही, माय्शे. शून्य कशाला? शून्य म्हणजे तुला आवडलं नाही. हे फक्त रिकामं."

कॉफीवर साय धरली.

मला आपल्या आळीतल्या मंडळाची गाण्याची स्पर्धा आठवली, अण्णा. मी नऊ वर्षांची. तुमच्या बँडच्या दुकानासमोरच स्टेज घातलंय. तुम्ही तीन परीक्षकांपैकी एक, क्लॅरोनेटवाले मास्तर, लाल कोट इस्त्री करून घातलेला. मी गायले. पहिल्या परीक्षकानं दहापैकी आठ दिले. दुसऱ्यानं नऊ. मंडळाचा पोऱ्या फळ्यावर खडूनं लिहितोय आणि माईकवरचा माणूस ओरडतोय, "आणि आपले मास्तर... शून्य!" लोक हसले. तुम्ही गंमत करताय असं त्यांना आधी वाटलं. मग फळ्यावर खरंच शून्य आलं, एवढं मोठं, गोल. मी शेवटून दुसरी. आख्ख्या आळीला वाटलं, बापच शून्य देतो म्हणजे पोरीला सूरच नसणार. घरी आई तुम्हाला नाही नाही ते बोलली, तुम्ही जेवताना मान वर केली नाही, एवढंच म्हणालात, "आपल्याच पोळीवर तूप ओढायचं नसतं." बरोबर आहे. लोक म्हणले असते, मास्तरनं पोरीला चढवली. पण तूप नको होतं हो मला! ताट तरी राहू द्यायचं. कोरं सोडायचं. एवढी मोठी युरोपातली माणसं, एकमेकांची गावं जाळलेली, त्यांना हे सुचलं, आणि तुम्हाला सुचू नये?

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुकानात नेलं. मी चिंच आणि मीठ लावून पितळी भोंगे घासत होते, फुगून. तुम्ही खुंटीवरची तुमची लाल टोपी काढली, सोनेरी पट्टीची, आणि माझ्या डोक्यावर ठेवली. नाकापर्यंत आली. त्या दिवशीच्या वरातीत मला पुढं चालवलं. मार्क नाही दिले, टोपी दिली. त्यानंतर मी स्टेजवर गायले नाही, आणि तुम्हीही गा म्हणाला नाहीत. कणीक मळताना तेवढी तुमची वरात सुरू व्हायची ती धून गुणगुणते, तीही तोंड मिटून.

तर ह्या शुक्रवारी शाळेत स्पर्धा झाली. पोरीनं पुठ्ठ्याची लाल टोपी केलेली, बिस्किटाच्या सोनेरी कागदाची पट्टी लावून. मी आधी कधीतरी टोपीचं सांगितलं होतं, मला वाटलं विसरली असेल. काय गाणार ते मात्र मला सांगत नव्हती. परीक्षकांच्या टेबलावर मी, एक डच आई आणि एक आपली मराठी, "अच्छा"वाली. तिघींचीही पोरं स्पर्धेत. युफनं कागद वाटले आणि म्हणाली, स्वतःच्या मुलापुढं शून्य टाका, म्हणजे बेरीज सोपी जाईल. सहज म्हणाली. "अच्छा"वालीनं टाकलंसुद्धा. माझ्या हातात पेन तसंच.

पोरीचा नंबर आला. स्टेजवर उभी राहिली आणि गप्प. युफ खालून तिला हसून खुणावतीये, आणि मला ती व्हॅन दिसतीये. मग पोरीनं दोन्ही हात तोंडाशी नेले, क्लॅरोनेट धरल्यासारखे, आणि तोंडानं तुमची वरातीची धून सुरू केली. तुतुतू, पींऽऽ, तुतुतू. शब्द एक नाही. पाय आपटत गोल फिरली, टोपी डोळ्यांवर आली, एका ठिकाणी ताल चुकला, पण थांबली नाही. पोरं टाळ्या वाजवायला लागली, मागं कुणी बाप नाचायला लागला. मी टेबलाखाली ओढणी पिळत होते.

मग मार्क. टीव्हीवर करतात तसं प्रत्येकीनं उभं राहून मोठ्यानं सांगायचं. डच आईनं सांगितलं, आपल्या मुलाला शून्य म्हणाली, सगळे हसले, मुलगाही हसला. "अच्छा"वालीनं तसंच केलं. माझ्या पोरीला दोघींनी बरे दिले होते. मी उभी राहिले. बाकीच्यांचे वाचले, आकडे मला येतात. मग तिच्यापाशी आले. ती टोपी वर करून माझ्याकडं बघत होती. आणि मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हणलं, "शून्य नाही. रिकामं. ती माझी मुलगी आहे, म्हणून रिकामं." युफला कळलं नाही. ती म्हणाली, शून्यच ना मग? मी म्हणलं, "नाही. शून्य म्हणजे आवडलं नाही. हे रिकामं." आवाज चढला होता माझा. व्याकरणाचा पार चुथडा झाला असणार. "अच्छा"वाली माझ्याकडं बघत होती, मग तिनं पेन घेतलं आणि आपल्या कागदावरचं शून्य खोडलं.

पोरीचा चौथा नंबर आला. ते जाऊ द्या. बाहेर सायकलपाशी मी तिला मागच्या सीटवर बसवत होते तर ती म्हणते, "आई, रिकामं होतं, पण तू किती दिले असते?"

मी म्हणलं, "दहा."

"बारा!"

"टोपी डोळ्यांवर आली, तिथं ताल चुकला. दहा."

"बारा! बारा! तू बघितलंच नाही नीट, टोपीचा दोष होता, माझा नाही!" एवढ्यानं ओरडली की फाटकातली माणसं वळली. मराठी, डच, सगळं एकत्र. पलीकडं युफ आपल्या सायकलचं कुलूप काढत होती. ती किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. त्या पोरीचं बोलणं ती पहिल्यांदा ऐकत होती, आणि तेही असं, आईशी भांडताना. काल तिनं ह्यांना फोन करून सांगितलं, व्हॅनचं आत्ताच नको, सुट्टीनंतर बघू. बघू म्हणजे मिटलं नाही. पण सुट्टीपर्यंत तरी व्हॅन नाही.

आणि मला राग कशाचा आलाय ते सांगते. तिनं विचारलं, अण्णा. सायकलवर बसायच्या आधी विचारलं. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही, आणि आता हे कागद कुठं टाकू, तुम्हाला पत्ता आहे का? मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत. तुम्ही बारा म्हणला असता तर मला पटलंही नसतं. त्या दिवशी मंडळात तिसऱ्या ओळीला माझा सूर घसरला होता, तो बाकी दोघांना कळला नाही, तुम्हाला कळला. मलाही. पण शून्याइतका नव्हता.