एका गुडघ्याची दोन निदानं

रविवार, ९ मार्च

चि. ठमाबाई, हाडांच्या डॉक्टरीणबाई यांस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. योगायोगाने ते खरंही आहे. तुझ्या मामीने खिडक्यांना नवे पडदे लावलेत आणि येताजाता त्यांच्याकडे बघते. कॉलेजात माझ्या संस्कृतच्या वर्गाला यंदा सहा जण आहेत. पैकी दोघे वर्ग चुकून आले आणि भिडेखातर बसले.

तुझं पत्र पोचलं. जुन्या इस्पितळाने परत बोलावलंय, दर ऑपरेशनमागे वाटा, मिळकत आताच्या दुप्पट. ‘मामा, जाऊ का?’ असं विचारलंस. मी उत्तर टाळतोय. वर पडद्यांचं लिहिलं, ते त्यासाठीच.

तर गुडघ्याचं सांगतो. तू सांगितलेला व्यायाम नेमाने चालू आहे. परवा बाजारातून जड पिशवी घेऊन जिना चढलो, मध्ये न टेकता. मामी म्हणाली, “तुम्ही हाच गुडघा बदलायला निघाला होतात ना?”

“ठमीच म्हणाली होती, बदलायलाच हवा म्हणून.”

“आणि आता म्हणते, व्यायाम पुरे. गुडघा तोच, एक्स-रे तसाच, पोरगीही तीच. मग बदललं काय हो?”

“तुझे पडदे,” मी म्हटलं.

मधल्या काळात तू ते वाटा देणारं इस्पितळ सोडून सरकारी दवाखान्यात ठरावीक पगारावर आलीस, एवढंच बदललं होतं. इतके दिवस मी त्याला काकतालीय न्याय म्हणत होतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आम्हा पंडितांना डोळे मिटायलाही शास्त्राधार लागतो.

तू खोटं बोलली नव्हतीस, ठमे. दोन्ही वेळा तुला मनापासून तसंच वाटलं. मला भीती वाटते ती त्याचीच. लबाडाला आपली लबाडी ठाऊक तरी असते. मी वाचलो तो सुरीच्या धास्तीने तारखा पुढे ढकलत राहिलो म्हणून. माझ्याइतके भित्रे नसलेले, तुझं लगेच ऐकणारे पेशंटही असतील.

जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायला माझं काय जातंय? पण गेलीस, तर हा गुडघा मी दुसऱ्या कुणाला तरी दाखवीन. तू घरी ये, हक्काने ये, जेव, भांड. पाय मात्र तुझ्यापुढे करणार नाही.

तुझ्यावरचा भरवसा शाबूत राहावा म्हणून धडपडणारा,
मामा