न झाडलेलं अंगण

ता. ९, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा सोडला तर मावशी बरी आहे. मी वेळेवर जेवतो, हे वहिनीला सांग म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

ज्या सकाळी तिने माझ्या हातातला खराटा काढून घेतला, त्या सकाळपासून माझं सगळंच बदललं. ती म्हणजे मावशीच्या पाळणाघरात मुलं सांभाळायला यायची ती. मावशीने मागचं अंगण मुलांच्या वर्गासाठी दिलं होतं. भिंती नाहीत, फळा नाही. माती, झाडं आणि किडेमुंग्यांनीच शिकवायचं. काम अर्थात माझ्याकडे. कॉलेज अर्धवट सोडून आलेला भाचा आयताच सापडला होता. मी ओंडके कापून बसायला ठोकळे केले, नळाशी चिखल कालवायला जागा केली आणि रोज ती यायच्या आत अंगण लख्ख झाडून ठेवू लागलो. पान म्हणून दिसू द्यायचो नाही. ती काहीतरी बोलेल म्हणून.

बोलली. पोत्यातला सगळा पाचोळा तिने परत अंगणात ओतला. "अहो महाराज, एवढं चकाचक केलंत तर मुलांनी बघायचं काय, तुमचं तोंड?"

मुलं खिदळली. माझं डोकं तापलं. ते किती लवकर तापतं हे तुला ठाऊक आहे, आमच्या सरांनाही आहे. पण तेवढ्यात आमची गोगलगाय, म्हणजे आल्यापासून कुणाशी एक शब्द न बोललेली चिमुरडी, एक पान उलटून म्हणाली, "इथे कुणीतरी झोपलंय."

दादा, तो खराटा मी पुन्हा हातात धरला नाही.

तिचा दुसरा नियम दाराचा. वर्ग बाहेर आला की घराचं दार लावून घ्यायचं, नाहीतर मुलं खेळण्यांसाठी आत पळतात. मीही पळायचो. ती आत दूध तापवत असली की मला हटकून तहान लागायची. "उंट बरा तुझ्यापेक्षा," मावशी म्हणायची. तिला सगळं कळत होतं.

आता तुझ्या पत्राचं. प्राचार्यांच्या हातापाया पडून तू माझं नाव पुन्हा घालतोयस. असं पत्र चार दिवसांपूर्वी आलं असतं तर उत्तर न लिहिताच मी बॅग उचलली असती. का, ते लिहायचं टाळत इथवर आलो. तिला तुमच्याच शहरात एका शाळेत नोकरी लागली. परवा गेली.

आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, मीही येतो, माझं कॉलेज तिथेच आहे. ती ठोकळ्यावर बसून कुणाच्या तरी बुटातली माती झटकत होती.

"हे अंगण कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मग मी गेल्यावर मोडेल ते." तिने बूट त्या मुलाच्या पायात चढवला, बंद बांधला. "माझ्या मागे येऊ नकोस. तुझ्याबद्दल मला तसं काही वाटत नाही रे."

मुलं घरी गेल्यावर मी लाथ घालून कुंपणाची फळी तोडली. मावशी खिडकीतून बघत होती.

आज सकाळी गोगलगाय त्याच फळीशी पालथी पडली होती. खालची गांडुळं दाखवून मला म्हणाली, "दादा, उद्या पण एक पाड."

मी येत नाही. आलो तर वर्गात बसणार नाही, तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहीन. मी मला ओळखतो. तू रागावशील, रागाव. प्राचार्यांपुढे तुझी मान खाली गेली, ती माझ्यामुळे.

मावशीला पायऱ्या उतरवत नाहीत, त्यामुळे वर्ग आता मलाच न्यावा लागतो. मुलं बूट घालून उभी आहेत, एकाने उलटेच घातलेत. तिचा कप ओट्यावर अजून उपडा आहे. मधेच पाणी प्यायला मी आता आत येणार नाही.

निघतो. दार लावून घेतो.

तुझा,
धाकटा