सात नंबरच्या आजींची नाडी

तीर्थरूप बाबांस,

धाकटीचा नमस्कार. उभ्यानेच करतेय, कंबर धरलीय. वॉर्डात ड्युटीवर दिवसभर उभं राहून धरते, काळजीचं काही नाही. जेवण वेळेवर होतं. आईने शिवलेला ड्रेस थोडा सैल होतो, एवढंच.

तुम्ही विचारलंत, रोज देवाला हात जोडतेस ना? तुमच्याशी खोटं कशाला बोलू? इथे इतकी माणसं जाताना पाहिली, की आता हात जुळतच नाहीत.

मंगळवारी सात नंबरच्या खाटेवरच्या आजी फार घाबरल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. "पोरी, माझ्यासाठी प्रार्थना म्हण गं," म्हणाल्या. तुम्ही लहानपणी शिकवलेली म्हटली, पोपटासारखी. मनात काहीच नव्हतं. तरी त्यांचा श्वास संथ झाला, नाडी एकशेवीसवरून नव्वदवर आली. इंजेक्शननेही जमलं नव्हतं ते. दुपारी त्या शांतपणे गेल्या.

खोलीवर येऊन तेच शब्द स्वतःसाठी म्हणून पाहिले. छातीतली धडधड होती तशीच राहिली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुमच्या प्रत्येक पत्रात एकच वाक्य असतं, 'देवाच्या कृपेने आई सुधारतेय.' मग आई स्वतः दोन ओळी का लिहीत नाही? बाबा, तुम्हीही माझ्यासारखंच पोपटासारखं म्हणत नाही ना?

राहू दे, याचं उत्तर देऊ नका. पुढच्या पत्रातही तेच वाक्य लिहा. ते वाचलं की माझी धडधड थांबते.

तुमची,
धाकटी