शिवअप्पाच्या गाडीला बोलावणं

निलंगा, मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वहीला हात लावला नाही, चुकलंच माझं. पण शेजारच्या शिवअप्पानं डोकं फिरवलं. कंपनीनं त्याच्या सहाचाकी ट्रकला लातूरला बोलावलं, नावानिशी चिठ्ठी आली. हा गाडीला हार घालून गेला, जसं काही लग्नाचं बोलावणं! आम्ही दोघांनी एकाच दिवशी सारख्याच गाड्या घेतल्या. मग मान त्यालाच का? मी बोलणंच सोडलं.

आज तोच बसनं परत आला. "रुसला काय अण्णा? मान कसला! ब्रेकचा पाइप खराब निघालाय, फुकट बदलून देऊन राहिले. तुमची चिठ्ठी न्हाई आली?"

कशी येईल? हप्त्याच्या वसुलीला कंपनीवाले दारात नकोत म्हणून गाडी घेताना मीच फॉर्मवर उदगीरच्या मेव्हण्याचा पत्ता दिला. त्याच्याशी तर आमचा अबोला.

आणि आमचा पोरगा बालाजी सकाळीच आमच्या गाडीत सोयाबीन भरून माहूरच्या घाटाकडे गेलाय. फोन लागत नाही. शिवअप्पाची गाडी तिकडं शोरूममध्ये सुखरूप उभी आहे. आताही मी जळतोच त्याच्यावर. बालाजी, असशील तिथं गाडी उभी कर. आधी मला फोन कर रे बाबा.