हिरव्या बांगड्या आणि बंद साइट

३० नोव्हेंबर २००३, रविवार
साइट बंद. काल शनिवारचा शब्बाथ सुटल्यासुटल्या कॉम्प्युटर लावला, तेव्हाही बंद. स्क्रीनवर एक हसरा चेहरा आणि 'लवकरच परत येतो'. हसतोस कशाला? मेहंदीच्या रात्रीच्या हिरव्या बांगड्यांचे माझे सगळे सेट तिथे विकायला लावलेत. हनुक्काच्या सणापर्यंत ते गेले नाहीत तर ॲलिसमावशीबरोबर बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला जायचं, असं पप्पांशी ठरलंय. ती वेळ येणार नाही. माल चांगला आहे. गुन्हेगार साइट आहे.

२ डिसेंबर
चालू झाली. एकही बोली नाही. साहजिक आहे, सारख्या बंद पडणाऱ्या दुकानात कोण फिरकेल?
धाकट्या भावाने, मतानने माझी जाहिरात वाचली. 'काच आहे, फुटते. दोन बांगड्यांचा हिरवा जरा पिवळट. फोटोत दिसतो तेवढा रंग खुलत नाही.' हिब्रूत म्हणाला, हागार, तू विकतेयस की कोर्टात साक्ष देतेयस? पप्पांचं ठाण्याला बांगड्यांचं दुकान होतं. शाळेआधी मी तिथेच अक्षरं शिकले, आणि खोट आधी सांगायची हेही. या गाढवाचा जन्म इथला, इस्रायलातल्या लोदचा. त्याला काय कळणार?

४ डिसेंबर
दुपारी पुन्हा बंद. फोन केला. ओदेद नावाचा कोणी म्हणाला, "सबलानुत, गिवेरेत." धीर धरा म्हणे बाई! तेल अविवला एसीत बसून कॉफी ढोसायची आणि आम्ही धीर धरायचा. मी म्हटलं, तुझ्या लग्नाच्या दिवशी हॉलचे लाइट जावोत. म्हणजे, फोन ठेवल्यावर म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
शब्बाथचे दिवे लावायच्या आधी सगळे सेट साइटवरून उतरवले, उद्या रात्री पुन्हा चढवीन. शब्बाथला विक्री झाली तर पाप कोणाच्या माथी? मतान म्हणतो, लोक शनिवारीच तर घरी बसून खरेदी करतात. करोत.

९ डिसेंबर
सकाळभर बंद. तक्रार लिहिली. 'निर्लज्ज' घातलं, काढलं, पुन्हा घातलं. शेवटी 'किंचित निर्लज्ज' ठेवलं. साइट बंद, त्यामुळे पाठवता आली नाही.

१४ डिसेंबर
गिऱ्हाईक! बेरशेबाच्या पनिनाबाई, मुलीची मेहंदी आहे. बांगड्या चांगल्या आहेत का, विचारतात. सविस्तर उत्तर दिलं. यरुशलेमच्या बाजारात याहून जाड मिळतात, हेही कळवलं. पाठवलं आणि साइट पडली. मेली!

१६ डिसेंबर
उत्तर पोचलं होतं. पनिनाबाईंनी मनापासून आभार मानलेत. यरुशलेमला जाऊन घेतल्या. साइट धड असती तर बाईंना एवढा प्रवास पडला नसता.

१९ डिसेंबर, शुक्रवार
आज हनुक्काचा पहिला दिवा.
साइट सकाळपासून चालू. पानं अशी भराभर उघडतात की बघवत नाही. सेट जागच्या जागी. पप्पांनी हळूच विचारलं, "आज तरी चालू आहे ना गं?" हो म्हटलं. मग एकटीच स्क्रीनसमोर बसून म्हटलं, पड ना, तासभर तरी पड. नाही पडली.
दुपारी ॲलिसमावशी पॅकिंगची टोपी देऊन गेली. "रविवारी माझ्याबरोबरच बसने ये. घालून बघ गो, नाहीतर बदलून आणते."
घालून पाहिली. अगदी बरोबर बसली.