बुडाशी राह्यलेलं मीठ

राजकुमार,

मायले घेऊन दवाखान्यात चालली. तिले हगवण लागली म्हणून मी वावरात कामाले जातानी तुले मीठ-साखरेचं पाणी द्याले सांगतलं होतं. तू खड्याचं मीठ माठाच्या थंड पाण्यात टाकलं अन् न ढवळता गिलास तिच्या हाती देऊन चालता झाला. शेवटच्या घोटात बुडाचं सारं मीठ तिच्या तोंडात गेलं अन् ती भडाभडा ओकली. फोन केला तं म्हणतो, "विरघळते ना आपोआप!" विरघळते, पण तवरोक माणूस टिकाले पाह्यजे. बीएस्सी झाला बे तू? मीठ कुटावं, पाणी कोमट करावं, ढवळावं, हे शाळा न पाह्यलेल्या मायले समजते.

ऑटोत बसूनही तिचं एकच चालू हाय, "राजूले बोलू नको, तो जेवला नाही."

भाकर टोपल्यात हाय. गीळ.

तुही ताई,
सुचिता