दोनशे चौदा, हजर

दि. ९, मंगळवार, सायंकाळ

गृहस्वामिनीस, या घराच्या उर्वरित रहिवाशाचा सविनय नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची प्रथा आहे, म्हणून लिहिले. दूध नित्यनेमाने उतू जाते आणि मी नित्यनेमाने त्याच्या साक्षीला उभा असतो. कुंड्यांना पाणी घालतो. त्यांना माझी सेवा मानवलेली दिसत नाही. तुझी पाठ कशी आहे? ताईंना माझे दंडवत सांग आणि माझ्याविषयी त्या जे म्हणत असतील त्याला माझी अनुमती आहे हेही सांग.

आता मूळ विषय. तू जाताना सोपवलेले कार्य, टिटवीचे नाव विद्यापीठाच्या पटावरून कमी करून येणे, अद्याप सिद्धीस गेलेले नाही. रागावू नकोस, आधी वाच. “मुलगी गेली, निदान तिचं नाव तरी तिथे ताटकळत ठेवू नका,” हे तुझे शब्द माझ्या स्मरणात आहेत.

शुक्रवारी अर्ज घेऊन गेलो. मसुदा उत्तम होता. ज्याची अख्खी नोकरी इतरांचे मसुदे सुधारण्यात गेली, त्याचा मसुदा उत्तम नसेल तर कोणाचा असणार! फक्त ‘कारण’ या शब्दापुढे जागा मोकळी सोडली होती. तिथे गेल्यावर उभ्याने भरू, असा विचार होता.

टिटवी त्या स्थळाचे वर्णन करायची तेव्हा आपण तिला अतिशयोक्तीबद्दल टोकत असू. तिने हातचे राखूनच सांगितले होते. अगं, ते विद्यापीठ नसून ज्ञानाचे विराट बसस्थानक आहे. वस्ती कोणाचीच नाही. सकाळी बसगाड्या विद्यार्थी ओततात, सायंकाळी उपसून नेतात. पाठीवरची पिशवी कोणी उतरवत नाही. मुले जिन्यावर बसून डबा खातात, भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपतात. एक कन्या कामावरचा गणवेश पिशवीत कोंबता कोंबता टिपणे पाठ करीत होती. कोणी कोणाकडे पाहत नाही. या जनसागरातून एक कमी झाले तर कळणार कोणाला, असे मनाशी म्हणत मी खिडकीपर्यंत पोहोचलो.

“नाव कमी करायचंय? नंबर?” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“दोनशे चौदा.”

त्यांनी पडद्याकडे पाहिले. “अहो, हिची हजेरी तर चांगली आहे. पहिल्या तासाला रोज असते. सुट्टीनंतर एक खाडा नाही.”

“आपली खात्री आहे?”

“कम्प्युटर सांगतोय, काका. घरात भांडण झालंय का? मुलीला विचारून या आधी.”

मी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. सुट्टीतल्या त्या तापाच्या आठवड्यात आपण दोघे तिच्या उशाशी होतो. शेवटी तिचा हात तुझ्या हातात होता. मला सर्व ठाऊक आहे. तरीही शनिवारी आणि रविवारी मी दाराला आतून कडी लावली नाही.

काल पहिल्या तासाला जाऊन बसलो. सभागृह प्रचंड. प्राध्यापक महाशय मान खाली घालून क्रमांक पुटपुटत होते, बाकांवरून उत्तरे येत होती.

“दोनशे चौदा.”

“हजरऽ!”

बारीक, किंचित नाकातला, शेवटचे अक्षर लांबवणारा आवाज. हाक मारली की आतल्या खोलीतून ‘आलेऽ’ यायचे, अगदी तसा. मी उठून उभा राहिलो. त्या सभेत उभा असलेला मी एकटाच, आणि तरीही कोणी वळून पाहिले नाही.

आवाज खिडकीशेजारच्या एका मुलीचा होता. तास सुटल्यावर तिला जिन्यात गाठले.

“बाळ, दोनशे चौदा क्रमांक तुझा?”

ती पांढरीफटक पडली. “तुम्ही तपासणीवाले का?”

“नव्हे. मी तिचा जनक.”

“अय्या, टिटवीचे बाबा! खरंच असंच बोलता तुम्ही? कसली नक्कल करते ती तुमची!” करते, म्हणाली. मी दुरुस्ती केली नाही. “ओरडू नका हं तिला. तिची बस उशिरा येते, म्हणून पहिल्या तासाला मी तिची हजेरी लावते, तिच्याच आवाजात. शेवटच्या तासाला ती माझी. मला औषधाच्या दुकानात कामाला पळावं लागतं ना. सुट्टीनंतर ती दिसलीच नाही, फोनपण बंद. म्हटलं आजारी असेल, नाहीतर रुसली असेल. पण परत येईल तेव्हा तिचं वर्ष बुडायला नको.”

“आणि शेवटच्या तासाला तुझे काय?”

“माझे खाडे पडतायत. आणखी थोडे पडले की परीक्षेला बसू देणार नाहीत. बघू. काका, तिला सांगा ना, मी चिडले नाहीये म्हणावं. फक्त लवकर ये.”

तो फोन कुठे ठेवला आहे ते तुला ठाऊक आहे.

“सांगतो,” मी म्हणालो. पाणी मागतानाही ज्याला प्रस्तावना लागते, त्याचे भाषण एका शब्दात आटोपले. तिचा क्रमांक मात्र विचारून घेतला. नव्वद.

शेवटच्या तासाला मी सर्वांत मागे जाऊन बसलो. “नव्वद,” प्राध्यापक म्हणाले. कोणीच बोलले नाही. इतकी माणसे, आणि त्या एका जागेवरून काहीच आले नाही. टिटवी कुठेच नाही हे मला तेव्हा कळले. दवाखान्यात नव्हते कळले.

मग तुझ्या पतीने, नाक दाबून, साधेल तितक्या कोमल कंठाने “हजर” म्हटले. पुढच्या बाकावरचे दोघे वळले, माझ्या मिशांचे अवलोकन केले आणि मुकाट्याने समोर पाहू लागले. प्राध्यापकांनी मान वर केली नाही. आजही जाऊन आलो.

हे चालणार नाही, हे मला समजते. त्या पोरीला सांगायलाच हवे. तिने स्वतःचे वर्ष घालवून आपल्या मुलीला रोज सकाळी जिवंत करू नये. परंतु ते वाक्य माझ्याने होत नाही. मनात जुळवू लागलो की समास होतात, अलंकार होतात, वाक्य होत नाही. अर्जातली ती जागा अजून मोकळीच आहे. तू ते सरळ म्हणू शकतेस. त्यामुळेच मला तुझा राग आला होता.

ये. तिला दोघे मिळून सांगू, मग खिडकीपाशी जाऊ. ताईंकडून येणारी बस नेहमीच उशिरा पोहोचते, तेव्हा घाई करू नकोस. तोवर शेवटचा तास मी सांभाळतो. दाराची कडी आजही काढून ठेवली आहे. आता ती तुझ्यासाठी.

तुझा,
तू येईपर्यंत हजर